आठ मात्रा मोकळ्या

पेडगाव, शेतातल्या आखाड्यावरून
शिवरात्र होऊन चौथा दिवस, दुपार

प्रिय बसू,

पत्र बघून दचकू नको. सगळे खुशाल आहेत. तुझे अप्पा बरे, तुझी आई म्हणजे आमची मावशी बरी, आमचे बापू बरे, मंजुषा बरी, म्हैससुद्धा बरी. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही जमलेलं नाही. मग आजच्या जमान्यात पत्र कामून, असं तू म्हणशील. तर लेका, फोनवर तू काय बोलतोस ते मला पाठ झालंय. 'हां बजा, हात कसाय? बरं, ठेवतो, काम चालू हाय.' सात वर्षांत दर दिवाळीला एवढंच. तू हात विचारतोस, मी 'मस्त' म्हणतो, आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. पत्र मधेच ठेवून देता येतं, पण पत्राला गप्प करता येत नाही. एक गोष्ट सांगायची आहे, ती मी उशिरा सांगणार, कारण आधी सांगितली तर बाकीचं तू वाचायचा नाहीस, आणि बाकीचंही वाचण्यासारखं आहे. शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड मला माहीत आहे. उघडू नको.

पहिली खबर ही, की तू पाठवलेली गिटार मला लागू पडली. हो, तूच पाठवलीस, आता नाही म्हणू नको. गेल्या उन्हाळ्यात मावशी ती घेऊन आली. पालमहून गंगाखेड, गंगाखेडहून परभणी, परभणीहून पेडगाव, तीन गाड्या बदलून, मांडीवर चादरीत गुंडाळलेली गिटारीची पेटी धरून. गंगाखेडच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, आजी, याचं लगेज फाडावं लागंल. मावशी म्हणाली, बायांना अर्धं तिकीट हाय ना, मग हिचं बी अर्धं फाड. कंडक्टर म्हणाला, ही काय बाई हाय का? तर आपल्या गौराबाईंनी चादर बाजूला सारली आणि म्हणाल्या, 'कंबर बघ की हिची. माणसाला असती का असली कंबर?' सगळी गाडी हसली म्हणे, आणि कंडक्टरनं हात जोडले. तेव्हापासून आमच्या घरात त्या गिटारीला 'मावशीची सून' म्हणतात. मावशी यावर हसते आणि मग तुझं वय मोजते. का ते तुला सांगायला नको, चाळीशी जवळ आली तुझी.

मला तिनं सांगितलं, 'माझ्या माहेरच्या एका पोराची हाय, नुस्ती पडून होती, म्हणलं बजाला द्यावी.' सांगताना ती माझ्याकडं बघतच नव्हती, आमच्या ज्वारीच्या पोत्यांकडं बघत होती. मी पेटी उघडली, वायर बाहेर काढली, तर वायरीच्या दोन्ही टोकांना लाल टेपचे दोन-दोन वेढे. गड्या, दुसऱ्यांच्या वायरीत आपल्या वायरी मिसळू नयेत म्हणून ऑर्केस्ट्रात लाल टेपचे दोन वेढे कोण मारायचं? मी वायर तशीच गुंडाळून ठेवली. मावशीला जेवू घातलं, परभणीपर्यंत मोटरसायकलवर सोडून आलो. येताना रस्त्यात गाडी थांबवून जरा वेळ बसलो होतो, एवढंच सांगतो.

पेटी उघडली खरी, पण पंधरा दिवस मी तिला हात लावला नाही. भ्यालो होतो. तुला तर सगळं माहीतच आहे. सात वर्षांपूर्वी फाल्गुनात, ह्याच आखाड्यावर, कडबा कापायच्या कुट्टी मशीननं माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेची दोन पेरं नेली, आणि मधलं बोट शेंड्याला शिवून घ्यावं लागलं. त्या संध्याकाळी चारठाण्याला आपल्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. तू कीबोर्ड, मी गिटार. तो कार्यक्रम झाला नाही आणि त्यानंतर कुठलाच झाला नाही. तू पुण्याला निघून गेलास. माझी जुनी लोखंडी तारांची गिटार मी नंतर दोन-तीनदा घेऊन बघितली. शिवलेल्या बोटाखाली तार आली की कोपरापर्यंत करंट जायचा. एकदा रडू आलं. मंजुषानं बघितलं, गिटार उचलली आणि माळ्यावर टाकून दिली. बायको असावी तर अशी.

तुझी गिटार हातात घेतली ती मंजुषाच्याच बोलण्यामुळं. 'मावशी तीन गाड्या बदलून आल्या अन् तुम्हाला पेटीपर्यंत जायला होईना?' घेतली. आणि बसू, काय सांगू तुला. तारा नायलॉनच्या. बोट ठेवलं, दाबलं, आणि वाट बघत बसलो की आता करंट येतो का मग. आलाच नाही. उशीवर बोट ठेवावं तसं वाटलं. नायलॉनची गिटार मी पूर्वी एकदा परभणीत हातात घेतली होती, ती असती तर मात्र जमलं नसतं. तिची मान फळीसारखी रुंद आणि सपाट असते, धडधाकट चार बोटांच्या माणसाचीही दमछाक होते. हिची मान अरुंद. वरून जराशी गोलाकार. अंग पातळ, त्यामुळं खांदा अवघडत नाही. गळ्यापाशी एका बाजूनं कापलेली, म्हणून वरच्या पट्ट्यांपर्यंत हात सरळ जातो. आणि वायर लावली की स्पीकरवर बोलते. म्हणजे आवाज त्या जुन्या नायलॉनवालीचा आणि बांधा आपल्या ऑर्केस्ट्राच्या गिटारीचा. क्रॉसओव्हर म्हणतात ना हिला? तू किती दुकानं फिरला असशील, किती जणांना 'तीन बोटांच्या माणसाला कुठली चालंल' असं विचारलं असशील, ते माझ्या त्या पहिल्याच सुरात ध्यानात आलं. लय बेजार झालो मी त्या दिवशी, आणि लय खूशही.

नवी तार बसायला चार दिवस लागतात हे मला माहीत नव्हतं. सूर लावावा, चहा पिऊन यावं, तर बाई पुन्हा खाली घसरलेली. मला वाटलं खुंट्याच खराब. परभणीला एका वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो. तिथला माणूस म्हणाला, हे काय नायलॉन-बियलॉन लावलंय, काढून टाका, आपण मस्त लोखंडी चढवू, आवाज खणखणीत येईल. आणि पक्कड घेऊन आला की लगेच! मी गिटार छातीशी धरून असा ओरडलो की बाजूच्या चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. लोखंडी तारांचा ताण हिला सोसत नाही, तारा जिथं बांधतात तो पूल उपटून हातात आला असता, एवढं मी फोनवरच्या व्हिडिओत बघितलं होतं. घरी आल्यावर चार दिवस तिला आपली आपण ताणून घेऊ दिली. पाचव्या दिवशी ती जागेवर थांबली.

मग मी सुरू झालो. दुपारी जेवण झालं की आखाड्यावरच्या बाजेवर बसायचं, फोन ज्वारीच्या पोत्याला टेकवून ठेवायचा आणि शिकायचं. आधी भजन. अंगठ्यानं जाड तार धरून ठेवायची, एकतारीसारखी, आणि बारीक तारांवर चाल. नायलॉनची तार लोखंडी तारेसारखी ओढून सूर वर नेता येत नाही, म्हणून मग बोट घसरवत न्यायचं. ते जमलं तेव्हा बापू गोठ्यातून म्हणाले, 'आता कसं माणसाच्या गळ्यासारखं वाटायलंय.' बापूंनी आयुष्यात माझ्या वाजवण्याला दिलेलं ते पहिलं सर्टिफिकेट. मग ढोलकीचा ठेका. पुलाजवळ तळव्यानं थाप आणि कडेला नखानं काडी. मग कव्वाली, ती आपल्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही, उरसात ऐकून अंगातच असते. मग मात्र मी समुद्र ओलांडला गड्या. स्पेनची बोटं! मूठ झाकायची आणि करंगळीपासून एकेक बोट तारांवर फेकत उघडायची. पहिल्यांदा वाजवली तेव्हा म्हशीनं धारेला नकार दिला, बापू म्हणाले, पुन्हा हे धारेच्या टायमाला वाजवलंस तर तुझीच धार काढतो. स्पेन आता फक्त दुपारी.

आणि सगळ्यात जीव जडला तो ब्राझीलच्या चालीवर. अंगठा आपला इमानदार बैलासारखा सरळ चालतो, आणि बाकीची तीन बोटं एकदम, ठेक्याच्या किंचित आधी. ऐकणाऱ्याला वाटतं की चुकलं, आणि तेवढ्यात कळतं, न्हाई, चुकलेलं न्हाई. शिवाय त्यातल्या कॉर्डला डाव्या हाताची फार बोटं लागतच नाहीत, एखादा सूर गाळलेलाच बरा दिसतो. कुणीतरी माझ्या हाताचं माप घेऊन ती चाल केली असावी असं वाटतं. सात वर्षं मी 'हे आता जमणार नाही, ते आता जमणार नाही' असंच मोजत होतो. आणि इथं एकेक जमायला लागलं. दिवाळीपर्यंत मी आपली जुनी सगळी गाणी तीन बोटांवर बसवली. फक्त एक जागा मी भरत नाही. अंतरा संपला की तुझा कीबोर्डचा पीस असायचा, आठ मात्रांचा. तिथं मी हात तारांवर नुस्ता ठेवतो, मनात आठ मोजतो, आणि पुढं जातो. मंजुषा म्हणाली, तिथं विसरता का तुमी? मी म्हणालो, हो.

दिवाळीला मावशी फराळ घेऊन आली. मी तिला वाजवून दाखवलं. तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून बोटं मोडली आणि मग पदर डोळ्याला लावला. मला वाटलं आनंदानं. तर म्हणाली, 'बजा, तुझं झालं बघ चांगलं. पण त्यानं पेटीच उघडली न्हाई रं. सात वर्षं झाली. कीबोर्ड कॉटखाली हाय, त्याच्यावर चपला ठेवतो. लोकांच्या कार्यक्रमाच्या वायरी जोडतो, स्पीकर उचलतो, पण वाजवत न्हाई. म्हणतो, माझ्यामुळं एकाचं वाजवणं गेलं, आता मी कशाला वाजवू?' बसू, मी त्या क्षणी चकलीचा तुकडा हातात घेऊन बसलो होतो. तो खाताही येईना आणि ठेवताही येईना. मावशी गेल्यावर मंजुषानं विचारलं, काय झालं? मी तिला त्या दिवशी सांगितलं. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यातलं हे एवढं मी तिच्यापासून लपवलं होतं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, 'हे मला सांगून काय उपेग? पालमला त्यांच्या घरी जा.' मी म्हणालो जाईन. दिवाळी गेली, संक्रांत गेली. हुरडाही खाऊन झाला. मी आपला जाईन, जाईन.

शेवटी अप्पांनीच बोलावलं. पालमला दरसालसारखा शिवनाम सप्ताह बसला होता, शिवरात्रीपर्यंत. अप्पांचा फोन: 'बजरंग, तू वाजवायलास म्हणं. सप्ताहात येऊन एक भजन वाजव. सात वर्षं तोंड दाखवलं न्हाईस.' मग मात्र गेलो. गिटार घेऊन, एसटीनं. आपल्या मंडपात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पंगत उठली होती, सगळं गाव जेवून आडवं झालं होतं, मंडपात अप्पा एकटे. वीणेच्या पहाऱ्यावर. तुला सांगायला नको, सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्यानं उभं राहायचं, नाव घ्यायचं, जागा सोडायची नाही. अप्पा सत्तरी ओलांडलेले, तरी दुपारचे दोन तास त्यांचेच. मला बघून त्यांनी मान हलवली. तोंडात 'नमः शिवाय', बोट वीणेच्या तारेवर. मी पाया पडलो. आणि बसू, त्यांनी काय करावं? वीणा धरलेल्या हातावर दुसरा हात टेकवून त्यांनी मला नमस्कार केला. त्या वयाच्या माणसानं. म्हणाले, 'माझ्या पोराच्या हातून झालं ते झालं. पण तू कधी एका शब्दानं त्याला बोलला न्हाईस. त्याचा हा नमस्कार.'

मग माझ्यानं राहवेना. तिथंच खाली बसलो आणि सांगून टाकलं. खरं सांगतो, एक चोरटा विचारही होता. मनात म्हटलं, आत्ता सांगावं, अप्पांच्या गळ्यात वीणा आहे, त्यांना जागेवरून हलता येणार नाही, ऐकावंच लागेल.

त्यांना सांगितलं ते आता तुला सांगतो. शेवटी सांगणार म्हटलं होतं ते हेच. त्या दुपारी कुट्टी चालू होती. लाइट गेली, मशीन थांबलं, तोंडात कडबा अडकून बसला. तू स्टार्टरकडं गेलास, लाल बटन दाबलंस आणि ऑटोचा खटका खाली केलास. मला ओरडून सांगितलंसही, 'बजा, बटन बंद केलंय, ऑटो बी खाली केलाय.' मी 'हां' म्हणालो. तू पाण्याची कळशी घेऊन विहिरीकडं गेलास. आणि तू गेल्यावर मी ऑटो वर केला. मी. लाइट गेली की हात आपसूक ऑटोकडं जातो, ही आपल्याकडच्या प्रत्येक कास्तकाराची खोड आहे. लाइट येईल तेव्हा पंप आपला आपण चालू व्हावा, गव्हाला पाणी चालू राहावं, आणि आपण चारठाण्याला निघून जावं, एवढंच डोक्यात. कुट्टीचा स्टार्टर चार दिवसांपूर्वी जळाला होता आणि कुट्टी मीच त्या पंपाच्या स्टार्टरवर जोडून ठेवली होती, हे त्या घडीला विसरलो. बापूंनी दहादा बजावलं होतं, कुट्टी ऑटोवर जोडू नको. मग मी कडबा ओढायला हात आत घातला. लाइट आली.

पुढचं तू बघितलंस, पण तुझ्याच बाजूनं. बापू धावत आले आणि पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले, 'बटन बंद केलं नव्हतंस का? दुकानदाराच्या पोराला काय कळतंय स्टार्टरमधलं!' आणि तू म्हणालास, 'केलं होतं... केलं होतं वाटतं.' त्या 'वाटतं'नं घात केला बसू. मी शुद्धीवर होतो. माझ्या कानानं ऐकलं. एक शब्द बोलायचा होता मला, की यानं बंद केलं होतं. बापूंची भीती होती, हात आगीत धरल्यासारखा झाला होता, बोललो नाही. दवाखान्यात बोलेन म्हटलं. तू आठ दिवस माझ्या कॉटपाशी खाली झोपलास, तेव्हाही बोललो नाही. मग तू पुण्याला गेलास. आणि दर वर्षी ते बोलणं एकेका वर्षानं जड होत गेलं. तुला आपली आठवणच खोटी वाटायला लागली, आणि तुझी आठवण अगदी खरी होती.

अप्पांनी सगळं ऐकलं. मधे एकदा त्यांचं नाव थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. माझं संपलं तरी त्यांचं बोट वीणेच्या तारेवरच. डोळ्यातून पाणी चाललेलं, पुसायला हात मोकळा नाही. मग म्हणाले, 'गळ्यात वीणा नसती तर आत्ता तुझ्या कानाखाली वाजवली असती.' मी म्हणालो, अप्पा, खाली उतरल्यावर वाजवा, मी थांबतो. चार वाजले, पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला. अप्पांनी त्याला हातानं थांबवलं, वीणा गळ्यातून काढली आणि माझ्या गळ्यात घातली. मी म्हणालो, अप्पा, मी तुमच्या समाजातला नाही, लोक काय म्हणतील. तर म्हणाले, 'उभा राहा. दोन तास. नाव घे. बसायचं न्हाई, बोलायचं न्हाई.' आणि माझ्या समोर सतरंजीवर आडवे होऊन छताकडं बघत राहिले. बसू, दोन तास मी उभा होतो. पहिला अर्धा तास नुसतं नाव घेत राहिलो. नंतर काय झालं कोण जाणे, सात वर्षांत पहिल्यांदा छातीतून श्वास पुरता बाहेर गेला असं वाटलं. मावशीला अप्पांकडून कळलं तेव्हा ती आली, माझ्याकडं बघितलं, आणि ओरडेल असं वाटलं होतं, तर तिनं माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. म्हणाली, 'मूर्खा, एवढं उशिरा?'

सहाला वीणा उतरली, आणि अप्पांनी बायकांच्या भजनाआधी मला वाजवायला बसवलं. मी वायर लावली. पहिलं भजन एकतारीसारखं. दुसऱ्या भजनात अंगठा कधी ढोलकीच्या ठेक्याकडं घसरला कळलं नाही, अप्पांनी डोळे वटारले, मी सावरलो. तिसऱ्याला मात्र मी शिवाचं नाव ब्राझीलच्या चालीवर वाजवलं. पालमच्या मंडपात, बायका टाळ धरतायत, किंचित आधी पडणाऱ्या ठेक्यावर त्यांचे टाळ बरोबर बसतायत, आणि हे कुठल्या मुलखाचं हे कुणाला माहीत नाही! टाळ धरणाऱ्या सुलाबाई म्हणाल्या, ही चाल आपल्याकडचीच जुनी दिसती. मी म्हणालो, हो सुलाबाई, लय जुनी. आणि अंतरा संपला तशी मी सवयीनं आठ मात्रा मोकळ्या सोडल्या. टाळसुद्धा थांबले. कुणालातरी वाटलं मी विसरलो. मावशी मागून म्हणाली, 'विसरला न्हाई तो. हितं माझा बसू वाजवायचा.' नववी मात्रा आली, मी पुढं गेलो.

परत येऊन बापूंनाही सांगितलं. ते जेवत होते. जेवण पुरं केलं, हात धुतला, स्टार्टरपाशी गेले आणि पक्कडीनं ऑटोच्या वायरी तोडल्या. मग म्हणाले, 'त्या पोराला बोलावून घे. मी त्याला बोललो होतो ते मला माघारी घ्यायचंय, अन् ते त्याच्या तोंडावर घ्यायचंय.' बापूंना मी जन्मात कुणाची माफी मागताना बघितलेलं नाही, तेव्हा हे बघायला तरी ये.

आता हे पत्रच का, ते सांगतो. माझी फोनवरच बोलायची तयारी झाली होती, पण अप्पांनी अट घातली. म्हणाले, 'मी बसूला काही सांगणार न्हाई, तूच सांग. अन् फोनवर न्हाई. फोन ठेवला की त्याला वाटंल, बजा मन राखायला बोलला. कागदावर लिही. सात वर्षं ज्यानं स्वतःवर शक घेतला, त्याला तो कागद पुन्हा पुन्हा काढून वाचता आला पाहिजे.' म्हणून इथं सावकाश, चांगल्या अक्षरात लिहितो. बसवेश्वर नागप्पा, त्या दिवशी बटन तू बंद केलं होतंस. ऑटो तू खाली केला होतास. तू मला सांगितलंही होतंस. तुला जे आठवतं ते सगळं खरं आहे. चूक माझी होती, आणि त्यानंतर सात वर्षं गप्प बसलो ती त्याहून मोठी, तीही माझीच. हा कागद जपून ठेव, मनात आलं की वाच, आणि राग आला तर ये आणि अप्पांनी राहू दिलेली ती कानाखाली तू वाजव, मी गाल पुढं करतो. फक्त येताना कॉटखालची पेटी उघडून आण. चपला काढ तिच्यावरच्या. माझ्याकडं आता भजन आहे, ढोलकी आहे, कव्वाली, स्पेन, ब्राझील, सगळं आहे, आणि प्रत्येकात आठ मात्रा मोकळ्या आहेत. त्या मला भरता येत नाहीत, आणि मला भरायच्याही नाहीत. एसटीनंच ये. कीबोर्डच्या लगेजची काळजी करू नको, मावशी म्हणाली, गंगाखेडच्या त्या कंडक्टरला मी सांगून ठेवते.

तुझाच, तू नको म्हणेपर्यंत,
बजा